शेऱ्याच्या रकान्यातला शब्द: नागपुरातल्या एका कला महाविद्यालयाच्या स्मृतिदालनाचं परीक्षण

जुन्या महाविद्यालयांत स्मृतिदालन म्हणजे बहुधा संस्थापकांचा अर्धपुतळा, माजी प्राचार्यांच्या तसबिरींची ओळ आणि काचेच्या कपाटात चार ढाली. नागपुरातल्या ज्या कला महाविद्यालयाचं दालन इथे परीक्षणाला घेतलं आहे, तिथे या सगळ्याच्या मागे एक दप्तरखाना आहे आणि माजी विद्यार्थी, मृतांचे नातेवाईक किंवा अभ्यासक यांना तो अर्ज करून वापरता येतो. परीक्षण मुख्यतः या सेवेचं आहे. महाविद्यालयाचं नाव देत नाही. चुका स्पष्ट लिहायच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चुका इतरत्रही अगदी तशाच होतात.

आधी निकाल सांगून टाकतो. कागद सांभाळण्यात हे दालन चांगलं आहे, कारण विदर्भाच्या हवेचा विचार करून ते लावलेलं आहे. माणसं लक्षात ठेवण्यात मात्र ते अर्धवट आहे. ज्यांच्या नावाने देणगी आली ते भिंतीवर लागले. ज्यांच्या मागे कोणी आलं नाही ते रजिस्टरातच राहिले.

या दालनात सगळ्यांत मोलाचं काही असेल तर ते जनरल रजिस्टर. आडवं, कापडी पाठीचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं. एका ओळीत एक विद्यार्थी: अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, जात-धर्म, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल दिनांक, वर्ग, सोडल्याचा दिनांक आणि शेवटी शेरा. पानामागून पान शेरा एकच, 'टी. सी. दिला'. मध्येच एखाद्या ओळीवर लाल शाईची रेघ असते आणि शेऱ्यात फक्त 'मयत'. शिकता शिकता गेलेल्या मुलामुलींची महाविद्यालयाकडे असलेली ही मुख्य अधिकृत नोंद. तारीख लिहिलेली असलीच, तर ती मृत्यूची असेलच असं नाही. पुष्कळदा ती कारकुनाला कळल्याची असते.

इथल्या कर्मचाऱ्यांनी या प्रत्येक 'मयत' नोंदीचं स्वतंत्र कार्ड केलं आहे आणि ते तीन ठिकाणी ताडून पाहिलं आहे. पहिलं ठिकाण म्हणजे अनामत रकमेची वही. मुलगा गेल्यावर लायब्ररी डिपॉझिट परत घ्यायला वडील आलेले असतात. त्या ओळीत पाच-दहा रुपयांचा आकडा, तारीख आणि वडिलांची सही किंवा अंगठा असतो. दुसरं, वार्षिकांकातलं काळ्या चौकटीचं श्रद्धांजलीचं पान. तिसरं, इतिवृत्ताच्या वहीतला शोकप्रस्ताव. तिन्ही जुळले तर कार्डावर हिरवी खूण, नाही तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पेन्सिल वापरतात हे महत्त्वाचं आहे. अभिलेखाजवळ पेन नेऊच नये. शाई सांडली की ती निघत नाही.

ताडून पाहताना लोक कुठे चुकतात, हे सेवा घेणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्यावं. जन्मतारखेवर विसंबू नका. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै टाकून दिलेली असायची, आणि तीच तारीख पुढे मॅट्रिकच्या प्रमाणपत्रापर्यंत जायची. ती जशीच्या तशी शिलालेखावर कोरली की कायमची होते. मुलींची नावं माहेरच्या आडनावाने दाखल असतात, वार्षिकांकात पुढे सासरच्या नावाने येतात. या दालनात दोन्ही नावांची कार्डं आहेत, ही मोठी सोय. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी आडनाव लिहिताना घोळ होतो: 'वानखेडे' आणि 'वानखडे' ही दोन वेगळी घरं आहेत. सही सापडली तर सहीतलं नाव प्रमाण मानावं.

विद्यापीठाचं आणि राज्याचं नावही तपासावं लागतं. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. त्याआधी शहरातल्या दोन सर्वांत जुन्या महाविद्यालयांतले, म्हणजे हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) इथले विद्यार्थी आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. त्यामुळे 'बी. ए., नागपूर विद्यापीठ, १९१५' असं कोणत्याही स्मृतिफलकावर दिसलं तर ते चूक. इथलं दप्तर स्वातंत्र्याच्या थोडं आधी सुरू होतं, तरी पत्रव्यवहाराच्या माथ्यावर चार राज्यं दिसतात: मध्यप्रांत-वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. तारीख फाटलेल्या पत्राचा काळ या माथ्यावरून बराचसा ठरवता येतो. कार्डांवर त्यासाठी वेगळा रकाना आहे. असं काम फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं.

आता हवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. ऑगस्टमध्ये तीच ८० च्या वर असते. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते, आणि त्याहीपेक्षा त्याला स्थिरपणा लागतो. दर वर्षी आकसायचं आणि फुगायचं, यात बांधणीचा दोरा सैल होतो, पुठ्ठा वाकतो, फोटोवरच्या जिलेटिनच्या थराला तडे जातात. त्यात बहुतेक कार्यालयांत एक घात ठरलेला: कूलर. उन्हाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये बसणाऱ्याला गारवा हवा म्हणून खिडकीत कूलर लावतात. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्यांतून ओली हवा थेट रॅकवर येते आणि जूनपर्यंत पानांवर तपकिरी ठिपके उठतात. कोरड्या ऋतूत वाचला असता तो कागद माणसाच्या सोयीपायी सडतो.

इथे बसायची खोली वेगळी आणि दप्तराची वेगळी आहे. कूलर फक्त बसायच्या खोलीत, मधलं दार बंद. दप्तर मधल्या मजल्यावर ठेवलं आहे, कारण वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो आणि तळमजल्यावर वाळवी येते. लोखंडी रॅक जमिनीपासून आणि भिंतीपासून सहा-सहा इंच सुटे आहेत. भिंतीला टेकलेल्या रॅकवर वाळवीची मातीची नळी चढते ती दिसत नाही. मोकळ्या जागेत टॉर्च मारला की लगेच दिसते. आर्द्रतामापक दोन ठिकाणी टांगलेत, रोज सकाळी अकरा वाजता आकडा वहीत लिहिला जातो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, रंग बदलला की मंद आचेवर वाळवून परत वापरतात. जेल उघड्या रॅकवर ठेवण्यात अर्थ नाही. ते बंद पेटीतच काम करतं.

रजिस्टरं मांजरपाटात बांधलेली आहेत. पेशव्यांच्या दप्तरातले कागद 'रुमालां'त बांधलेले असत, पोथ्या बासनात, तीच रीत. कापड गांधीबागच्या कापडबाजारातून आणा किंवा कुठूनही आणा, पण आणल्यावर गरम पाण्यात दोनदा धुऊन त्यातली खळ काढलीच पाहिजे. खळ म्हणजे कसरीचं खाद्य. न धुता बांधलेल्या रजिस्टराचे पुठ्ठे दोन पावसाळ्यांत चाळणी होतात. इथे ते धुतलेलं आहे, बोटाने घासून कळतं. वेखंडाच्या पुरचुंड्याही दिसल्या. उपयोग थोडा, अपाय नाही. डांबरगोळ्या मात्र काढून टाकाव्यात. दिवसभर तिथे बसणाऱ्याला तो वास बाधतो.

दुरुस्तीत जुन्या चुका राहून गेल्या आहेत. काही प्रवेश-अर्ज कधीतरी प्लास्टिक लॅमिनेट करून टाकले होते. त्या उष्णतेने शाई फिकी पडली, आणि आता प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागदच सोलून येतो. जुन्या चिकटपट्टीचा पिवळा डागही असाच कायमचा. नव्या दुरुस्त्या पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने केल्यात. ती ओलावा लावला की सुटते, म्हणजे पुढे कोणाला चूक दुरुस्त करायची झाली तर करता येते. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाळल्यावर असा सुटत नाही. सगळ्या स्टेपलर पिना काढून सुती दोरा ओवलाय, हे उत्तम. गंजलेल्या पिनेभोवती कागद आधी तपकिरी होतो, मग तिथेच भोक पडतं.

या दालनात मन लावून पाहावी ती तसबिरींची भिंत, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही तिथेच झालंय. आपल्याकडे दिवंगतांच्या फोटोला हार घालतात. पुण्यतिथीला झेंडूचा ओला हार फ्रेमच्या वरच्या पट्टीवरून सोडला जातो. पाणी पट्टीमागे उतरतं, काच आणि फोटो यांच्यात शिरतं, आणि जुन्या ब्रोमाइड (कृष्णधवल) प्रिंटवरचं जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटतं. एका माजी प्राचार्यांच्या फोटोत कपाळाचा डावा भाग असाच काचेला धरलेला आहे. प्रकाशात पाहिलं की तिथे ओल्या पानासारखा चकचकीत डाग दिसतो. अशी काच काढू नये. काढली तर चेहरा काचेसोबत येतो. काळं कापड धरून, तिरक्या उजेडात काचेवरूनच फोटो घ्यायचा, त्याची प्रत करून ती भिंतीवर लावायची आणि मूळ फ्रेम जशीच्या तशी पेटीत आडवी ठेवायची. इथे पाच-सहा फोटोंचं हे झालंय, बाकी अजून भिंतीवरच आहेत.

हार बंद करा असं कोणीही म्हणणार नाही, म्हणूही नये. भिंतीवर प्रत असेल तर हार घाला, काचेवर कुंकू लावा, उदबत्ती लावा. ओला हार फ्रेमऐवजी भिंतीतल्या दोन आकड्यांवर, फ्रेमपासून एक इंच पुढे अडकवला तर प्रतही टिकते. फ्रेम करणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात: मागे प्लायवूड नको, फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची माउंट हवीच, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, पद, जन्म-मृत्यूचं वर्ष आणि रजिस्टर क्रमांक. प्लायवूडमधल्या आम्लाने फोटो मागून पिवळा पडत जातो. नाव पुढे पट्टीवर असून भागत नाही. फ्रेम बदलताना पट्टी हरवते आणि वीस वर्षांनी 'हे कोण?' याला उत्तर देणारं कोणी उरत नाही. इथे मागे नाव नसलेल्या अकरा तसबिरी एका कपाटात उभ्या आहेत. त्यांचे छोटे फोटो माजी विद्यार्थी मेळाव्यात टेबलावर मांडून ओळख पटवायला हवी, आणि ते लवकर करायला हवं. ओळखणारे आता ऐंशीच्या घरात आहेत.

शिलाफलकांकडे इथे दुर्लक्ष झालंय. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की इमारतीला रंग लागतो आणि रंगाऱ्याला फलक आणि भिंत यांतला फरक कोणी सांगत नाही. जिन्याजवळचा एक संगमरवरी फलक ऑइलपेंटच्या थरांखाली आहे, अक्षरांच्या खाचा निम्म्या बुजल्यात. तो खरवडू नये, ॲसिडने तर मुळीच धुऊ नये, संगमरवर विरघळतो. रात्री दिवे मालवून टॉर्च फलकाला समांतर धरायचा आणि चारही बाजूंनी फोटो काढायचे. सावलीत अक्षरं उठून येतात आणि मजकूर उतरवून घेता येतो. ज्या शहरात मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट वाचत बसत, तिथे आपल्याच जिन्यातला दगड न वाचता राहावा हे खटकतं.

नवा फलक करायचा असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं खोल कोरून घ्यावीत, निदान ३ मिलिमीटर. उथळ कोरून सोनेरी रंग भरलेली अक्षरं पश्चिमेच्या उन्हात काही उन्हाळ्यांत पुसट होतात. पितळी पाटी दर स्वातंत्र्यदिनाला चिंच-राखेने घासली की चकाकते, पण अक्षरं झिजतात. कोरणाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नये. छापून द्यावा, आणि दगडावर खडूने आखल्यावर कोरण्याआधी घरातल्या एकाने आणि बाहेरच्या एकाने वाचावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या टप्प्यावर सापडतात. पुढे दगडच बदलावा लागतो.

नाव देऊन आठवण राखण्याची रीत या शहरात जुनी आहे, आणि ती किती फसवी असते हेही इथेच दिसतं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाट भागातून परतताना पाण्यात बुडून गेले. त्याच भागात लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत, म्हणजे त्या काळच्या माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेले दगड, आणि हिस्लॉप यांनी त्यांचा अभ्यास केला होता. नाव रोज हजारो तोंडी येतं, माणूस किती जणांना ठाऊक असतो? मॉरिसचं उलट झालं. संस्थेचं नाव बदलून वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था झालं, तरी चौकाला लोक मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच म्हणतात. म्हणून सूचीत जुनी आणि नवी दोन्ही नावं हवीत, आणि दालनाचं नाव ज्यांच्यावरून आहे त्यांच्याविषयी निदान पाच ओळी दाराशी हव्यात. या दालनाच्या दाराशी त्या नाहीत.

स्मृतिप्रीत्यर्थ पारितोषिकांचं खातं दालनाने लोकांना उघडून दाखवलं आहे, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. चित्र मात्र वाईट आहे. समजा १९७५ साली कोणी वडिलांच्या नावाने ५,००० रुपये ठेवले. ७ टक्के व्याज धरलं तरी त्याचे वर्षाला ३५० रुपये येतात. तेवढ्यात सुवर्णपदक सोडा, चांगलं पुस्तकही येत नाही. मग पारितोषिक 'कागदावर' दिलं जातं, आणि पुढे यादीतूनच गळतं. आता ठेव ठेवणाऱ्यांनी करारातच लिहून घ्यावं की व्याजाचा ठरावीक भाग मुद्दलात परत जाईल. ५०,००० रुपयांवर ६.५ टक्क्यांनी ३,२५० येतात; २,००० चं पारितोषिक द्यावं, १,२५० मुद्दलात घालावे. त्यासोबत ज्यांच्या नावाने पारितोषिक आहे त्यांचा परिचय दहा ओळींत द्यावा आणि तो दर वर्षी बक्षीस देताना वाचला जावा अशी अट घालावी. इथे अशा परिचयांची फाइल आहे, पण निम्मी रिकामी.

झाडं लावण्याचा उपक्रम वरवरचा वाटला. जुलैत लावलेलं रोप पुढच्या मेमध्ये, महाविद्यालय बंद असताना, पाण्यावाचून जातं. दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय कोणाच्या नावाने झाड लावू नये. ते वाळलेलं पाहायला घरचेच येतात.

स्कॅनिंगची शिस्त चांगली आहे. कागद ३०० डीपीआय, फोटो ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वाचायची पीडीएफमध्ये. जाड रजिस्टर काचेवर पालथं दाबत नाहीत, वरून कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. तीन प्रती, त्यांतली एक इमारतीबाहेर. जुन्या सीडींपैकी काही आता उघडत नाहीत, म्हणून हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी चालवून पाहतात. तुम्ही घरचा फोटो पाठवणार असाल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या.

सेवा अशी मिळते: साधा अर्ज, ओळखपत्राची प्रत, ज्यांचा शोध घ्यायचा त्यांचं पूर्ण नाव, शाखा आणि अंदाजे वर्ष. वर्ष माहीत नसेल तर त्यांच्या वर्गमित्राचं नाव द्या, त्यावरून पान सापडतं. रजिस्टर हातात देत नाहीत. आसपासच्या ओळींवर जात आणि पत्ता असतो, म्हणून खाच पाडलेला पुठ्ठा पानावर ठेवून एकच ओळ दाखवतात आणि तेवढ्याच ओळीची प्रत देतात. हे अगदी योग्य आहे. परीक्षांच्या काळात उत्तराला वेळ लागतो. जून संपल्यावर गेलात तर माणसं निवांत भेटतात.

एक मोठी उणीव उरते. शिपाई, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळेतले मदतनीस, माळी यांच्यापैकी कोणाचंही कार्ड नाही. त्यांची नावं हरवलेली नाहीत. जुनी पगारपत्रकं माळ्यावर गठ्ठ्यांत आहेत, महिन्याला एक पान, रेव्हेन्यू तिकिटावर सही किंवा निळा अंगठा. एका महिन्यापासून अंगठा दिसेनासा होतो आणि त्या ओळीत दुसरं नाव येतं. तिथून सेवापुस्तकापर्यंत आणि मग महानगरपालिकेच्या मृत्यूनोंदीपर्यंत जाता येतं. तुमच्या घरातलं कोणी अशा कामावर होतं, तर अर्जात 'पगारपत्रक पाहावयाचे आहे' असं स्पष्ट लिहा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. लेखी मागणी आली तर तो गठ्ठा माळ्यावरून उतरवून सूचीत घेतला जाईल, असं दालनाने कबूल केलं आहे.